बॉल कुठी गेला ते सांग

"काका, बाबाची तब्येत जास्त आहे. जमलं तं लवकर निघा." देविदासच्या मुलाचा, प्रशांतचा फोन. आमच्याकडे फोनवर 'गेले' असं कोणी म्हणत नाही. तब्येत जास्त आहे, एवढंच सांगतात आणि ऐकणारा काय ते समजतो. मीही समजलो. अमरावतीहून अकोल्याच्या एस.टी.त बसलो तेव्हा दुःखाच्या आधी मला रागच आला... देविदासला असलं आडवळणाचं बोलणं जन्मात सोसलं नाही.

कॉलेजात आम्ही एकाच संघात. तो विकेटकीपर, मी कसाबसा अकरावा गडी. पुढे तो पाटबंधारे खात्यात लागून अकोल्याचा झाला, पण क्रिकेट सुटलं नाही. निवृत्तीनंतर शुगरने त्याचे डोळे नेले, आधी उजवा, मग डावा. तरी मॅच लागली की टीव्हीसमोर बसायचा आणि तिथेच त्याचा छळ सुरू व्हायचा. टीव्हीवरच्या कॉमेंट्रीवाल्यांना वाटतं, चित्र तर सगळ्यांना दिसतंच आहे. एक जण रात्रीच्या बिर्याणीचं वर्णन करतो, दुसरा खिदळतो. मध्येच मैदानात गलका उठतो आणि याला कळतच नाही, चौकार गेला की दांडी उडाली. "अबे, बॉल कुठी गेला ते सांग ना! तुह्यं जेवण ऐकाले बसलो का मी?" एकदा त्याने रिमोट भिंतीवर फेकला. शांतावहिनी म्हणाल्या, "त्या डब्याले ऐकू येते का?" त्यावर तो रडला, असं त्यांनी मला नंतर सांगितलं.

मग मीच फोनवर सांगायला लागलो. मी अमरावतीत माझ्या टीव्हीसमोर, तो अकोल्यात आवाज बंद करून. जरा रंगवून सांगायला गेलो की झापायचा. "फुलं नको लावू. टप्पा कुठी, बॅट कुठी, बॉल कुठी. बाकी मी पाहून घेतो." पाहून घेतो म्हणायचा हो तो!

यंदा किडन्या बिघडल्या. दवाखान्यात भेटायला येणारा प्रत्येक जण 'ठणठणीत व्हाल' म्हणून जाई. डॉक्टर बोलत ते प्रशांतशी, बाहेर. मी गेलो तेव्हा प्रशांतने दारातच अडवून डॉक्टरांचं म्हणणं सांगितलं आणि बजावलं, "काका, बाबाले काही सांगू नका." आत देविदासने सगळ्यांना चहाला पिटाळलं आणि माझं मनगट चाचपून धरलं.

"सारे बोलून राहिले, पण काय होऊन राहिलं ते कोणी सांगत नाही मले. तू सांग."

मी सांगितलं. दोन्ही किडन्या गेल्या. डायलिसिस झेपत नाही, काल मध्येच बंद करावं लागलं. डॉक्टर म्हणतात, घरी न्या.

त्याने माझं मनगट आणखी घट्ट आवळलं. मग म्हणाला, "शांताले पाठव आत."

त्या दिवसापासून प्रशांत माझ्याशी बोलेनासा झाला; निरोपाचा तो फोन तेवढाच. बापाचा धीर मी घालवला, असं तो चारचौघांत म्हणाला. शांतावहिनींचं म्हणणं वेगळं. "यायनं मले जवळ बसवून सारं बोलून घेतलं भाऊजी. नाही तं मी उद्या बरे होतीन म्हणत डबेच करत राहिली असती." दोघांचंही मला खरं वाटतं.

काही दिवसांनी पुण्यानुमोदनाचा, त्याला आदरांजली वाहण्याचा कार्यक्रम आटोपला, बुद्धवंदना झाली, माणसं पांगली. समोरच्या खोलीत त्याची वेताची खुर्ची अजून टीव्हीकडे पाठ करूनच होती. फोन ठेवायचा तो कोनाडा उजव्या कानाशी यावा म्हणून त्याने ती तशी लावून घेतली होती. प्रशांत येऊन तिच्यात बसला. माझ्याकडे न बघता त्याने विचारलं, "काका, तुमी सांगतलं तवा... बाबा भेले होते का?"

शांत होता, असं म्हणणं सोपं होतं. मघाशी मंडपात सगळे तेच म्हणत होते.

"भेला होता," मी म्हणालो. "लय भेला होता. मनगट दुखेपर्यंत धरून होता माझं."

प्रशांतने मान हलवली. "अजून सांगा," तो म्हणाला.