उठावण्याची परवानगी

ही हकिकत मी इतकी वर्षं टाळली. आठवत नव्हती असं नाही. सांगितली असती तर तिच्यात मीच वाईट दिसलो असतो, एवढंच कारण. आता पंच्याहत्तरी उलटली आहे आणि चांगलं दिसण्याची हौस फिटली आहे.

देवासच्या एका खाद्यतेलाच्या कारखान्यात मी प्रॉडक्शन मॅनेजर होतो. डबे भरण्याच्या लाइनवर एक फोरमन होता, आपल्यातलाच. घरी मराठी, लाइनवर माळवी. कामगार त्याला भिया, म्हणजे भाऊ, म्हणत, मला साहब. त्याला कुणावर ओरडताना मी पाहिलं नाही. ट्रक भरायचा राहिला की तो स्वतः डबे उचलू लागे, मग बाकीचे घरी जायचं नाव काढत नसत. मला वाटे, याला अधिकार गाजवता येत नाही.

एकदा पॅकिंगमधल्या एका कामगाराची बायको वारली. आमच्या माळव्यात तिसऱ्या दिवशी उठावणा असतो. घटकाभर बसायचं, हात जोडायचे, उठायचं. पण कोण आलं नाही, हे त्या घरचे जन्मभर विसरत नाहीत. त्या दुपारी फोरमन माझ्या केबिनच्या दारात उभा राहिला.

"साहेब, सगळ्यांना घेऊन जातो. तासाभरात परत. तो बाहेरगावचा आहे, त्याच्या बाजूनं बसायला इथं कोण आहे?"

"आणि लाइन?"

"संध्याकाळी थांबून भरून काढू. तुम्ही फक्त हो म्हणा."

"बरं, जा. लवकर या."

ते गेले आणि थोड्याच वेळात कारखान्याचे मालक सेठजी यांची गाडी न कळवता इंदूरहून आली. लाइन बंद पाहून ते लाल झाले. त्याच सुमारास मला जनरल मॅनेजर करायचं चाललं होतं. "मुझसे तो पूछा ही नहीं," मी म्हणालो. तोंडातून निसटलं असं पुढे स्वतःला सांगत आलो. निसटलं नव्हतं.

माणसं परतली तेव्हा सेठजी गेटवरच उभे होते.

"किसकी इजाज़त से गए थे?"

फोरमननं माझ्याकडे पाहिलं. मी ड्रायव्हरशी काहीतरी बोलू लागलो.

"मैं ले गया, सेठजी," तो म्हणाला. "इनकी हाजिरी मत काटना. ये तो मेरे कहने से आए."

हाजिरी कापली गेली नाही. त्याची बदली मात्र लांब कुक्षीच्या गोदामावर झाली. घर देवासला, अंथरुणाला खिळलेले वडील देवासला, आणि हा तिकडे पोत्यांच्या राखणीला. आदेशावर सही माझी होती. कागद हातात घेताना फोरमन म्हणाला, "वडिलांचं तेवढं बघाल का, साहेब?" मी मान हलवली. एकदाही गेलो नाही.

मी जनरल मॅनेजर झालो. लाइन परत कधी बंद पडली नाही, पण काहीही सांगितलं की समोरून उत्तर यायचं, "साहब, लिख के दे दो." मी लिहून देत असे. जेवढं लिहिलं तेवढं होत असे, त्याहून एक डबा जास्त नाही. इंदूरहून एक तज्ज्ञ येऊन मॅनेजर आणि लीडर यांतला फरक पडद्यावर चित्रं दाखवून समजावून गेला. आभार मी मानले. "लीडरनं माणसं सोबत न्यायची असतात," असं मी बोललो, तेव्हा मागून कुणीतरी म्हणालं, "ले जाए तो कुक्षी." सगळे हसले. मीही हसलो.

पुढे माझी आई गेली. तिच्या उठावण्याला लाइनवरचा एकही माणूस आला नाही. कारखान्यात त्या दिवशी हजेरी पूर्ण होती. फोरमन तेवढा कुक्षीहून बस बदलत आला, मागे बसला, हात जोडून निघून गेला. मी दारापर्यंतही गेलो नाही.

तो निवृत्त होऊन धारला मुलीकडे राहू लागला. दोन वर्षांपूर्वी मी मुद्दाम गेलो. वाटभर वाक्य घोकत होतो. त्यानं शेव आणि चहा पुढे केला आणि मुलीला हाक मारून सांगितलं, "आमचे साहेब आलेत."

"कसं काय येणं केलंत?"

"सहज. इकडे एक लग्न होतं."

त्याला ते खरं वाटलं नसावं. तरी लग्न कुणाचं, हे त्यानं विचारलं नाही. मला खोटं पुढे रेटावं लागू नये म्हणून, असं मला वाटतं. उन्हात बसपर्यंत सोडायला आला, खिडकीशी उभा राहिला. बस सुटेपर्यंत आम्ही गुडघेदुखीवर बोललो.

गेल्या हिवाळ्यात तो गेला. मला एवढंच म्हणायचं होतं: तुम्ही मला विचारलं होतंत. मी हो म्हणालो होतो. मला माफ करा.