शकुनाची साखर

आयुष्यात मी एकच कारस्थान केलं. तेही रिकाम्या पोटी, आणि तेही सरकारला फसवण्यासाठी. ते आमच्या आळीनं चमच्या-चमच्यानं हाणून पाडलं.

हे सांगायचं तर आधी माझा आजार सांगायला हवा. बाविसाव्या वर्षी मला मधुमेह झाला. कारल्याचा रस पिऊन आणि पहाटे भाट्याच्या पुलापर्यंत फिरून आटोक्यात राहतो, तो सभ्य, वयस्कर मधुमेह नव्हे. माझ्या मधुमेहाला रोज दोन वेळा इन्सुलिन लागायचं, आणि ते दोन-तीन दिवस चुकलं तर माणसाचं काही खरं नव्हतं. तेव्हा म्हणजे ऐंशीनंतरच्या त्या वर्षांत काचेची सिरिंज असायची, ती उकळून घ्यायची, आणि सुई मला तरी दाभणासारखी वाटायची. या सगळ्याची सवय झाली. सवय झाली नाही ती फ्रिजची. इन्सुलिन थंड ठेवावं लागतं, आमच्याकडे फ्रिज नव्हता, आणि आळीत फ्रिज एकच होता, समोरच्या काकूंकडे. गोष्टीतल्या राक्षसाचा जीव पोपटात असतो. माझा समोरच्या घरात, दुधाच्या पातेल्यामागे होता. दिवसातून दोनदा मी काकूंच्या स्वयंपाकघरात हजर व्हायचे आणि सिरिंज भरून घरी आणायचे. त्यामुळे माझी प्रकृती ही सगळ्या आळीची सामाईक मालमत्ता झाली होती. माझ्या चहात साखर नाही हे आळीतल्या मांजरांनाही ठाऊक होतं.

मी शाळेत रसायन शिकवायचे. शिकवायचे म्हणजे रजेच्या जागेवर. कोणी बाळंतपणाला गेली की मी, कोणी बी.एड.ला गेला की मी. जूनमध्ये नेमणूक, एप्रिलमध्ये नारळ. रत्नागिरीत नारळाला तोटा नाही, पण सलग सहा वर्षं नारळ मिळालेली मी एकटीच असेन. या सहा वर्षांत विज्ञानाच्या तीन कायम जागा निघाल्या आणि तिन्ही दुसऱ्यांना गेल्या. कायम जागेला प्रकृतीचा दाखला लागतो, आणि आमच्या संस्थेचे अध्यक्ष माझ्याकडून तो मागवायलाच तयार नव्हते. ते फार मायाळू गृहस्थ होते. प्रत्येक वेळी म्हणायचे, "बाई, तुमच्या जिवाची आम्हाला काळजी आहे. कायमची जबाबदारी तुमच्यावर कशी टाकावी?" रजेच्या जागेवर मात्र हीच माया मला दिवसाला सात तास द्यायची, वर स्नेहसंमेलनाचं नाटक बसवायला लावायची. रजेच्या जागेवर माणूस मरत नाही, असा बहुधा त्यांचा समज असावा.

अशा वैतागात एका रविवारी पेपरात जाहिरात दिसली. आफ्रिकेतल्या एका देशाला विज्ञानाचे शिक्षक हवे होते. देशाचं नाव सांगत नाही; त्या बिचाऱ्यानं माझं काही वाकडं केलं नाही. मी अर्ज केला, मुंबईला मुलाखतीला गेले. तिथे तीन गृहस्थ बसले होते. त्यांनी मला रेणू आणि अणू यांतला फरक लहान मुलाला कसा समजावाल, असं विचारलं. माझ्या पर्समध्ये ग्लुकोजची बिस्किटं कायम असायची, साखर एकदम उतरली तर खायला. ती काढून मी टेबलावर मांडली, मोडली, तुकडे जोडून दाखवले. तिघांना फरक समजला आणि एकानं एक रेणू खाल्ला. निवड झाली. आता फक्त जिल्ह्याच्या सरकारी डॉक्टरांचा दाखला पाठवायचा होता.

फॉर्म आला. डोळे, दात, छाती, नाडी. आणि शेवटून तिसऱ्या ओळीत एक चौकोन: लघवीतली साखर.

तुम्हाला काय आजार आहे, असं त्या फॉर्मनं कुठेही विचारलं नव्हतं. मी तो चार वेळा वाचला. विचारलं असतं तर सांगितलं असतं, असं मी मनाला बजावलं, आणि मन माझ्याच बाजूचं असल्यामुळे लगेच मानलं. साखरेची तपासणी तेव्हा साधी असायची. निळ्या द्रावणात लघवीचे थेंब टाकून परीक्षानळी तापवायची. निळं राहिलं तर साखर नाही. हिरवं, पिवळं, नारिंगी असं चढत गेलं तर आहे, आणि अगदी चिऱ्याच्या दगडासारखं लाल झालं तर रुग्णाला लाज वाटायला हवी. हा प्रयोग मी घरी रोज करायचे आणि वर्षातून एकदा नववीला करून दाखवायचे. त्यामुळे चौकोनात निळं कसं आणायचं हे जिल्ह्यात माझ्याइतकं कोणाला कळत नव्हतं. रात्री कमी जेवायचं, सकाळी इन्सुलिन दोन युनिट जास्त घ्यायचं, आणि तपासणी होईपर्यंत तोंडात काही घालायचं नाही. मी आठ दिवस तालीम केली. आठही दिवस निळं. समुद्रासारखं निळं म्हणणार होते, पण आमचा समुद्र मातकट आहे.

कोणाला सांगितलं नव्हतं. आईला तेवढं माहीत होतं. तपासणीच्या दिवशी तिनं माझ्या हातावर दही घातलं, साखर नाही, आणि देवापुढे जाऊन बसली. तिला हे पसंत नव्हतं आणि मी जावं हेही पसंत नव्हतं, पण सहा नारळ तिनंही मोजले होते.

माझी चूक एवढीच झाली की सिरिंज भरायला मी काकूंकडे चांगली साडी नेसून गेले.

"कुठे निघालीस गो?" काकूंनी विचारलं. मी दाखल्याचं मोघम सांगितलं. कशाचा दाखला, कुठला देश, किती वर्षांसाठी, हे पुढचं सगळं त्यांनी माझ्या तोंडून दोन मिनिटांत काढून घेतलं. पोलिसांत असत्या तर जिल्ह्यात एक चोर मोकळा राहिला नसता. मी घरी येऊन इन्सुलिन टोचलं आणि बाहेर पडले, तर काकू फाटकात वाटी घेऊन उभ्या. वाटीत दही. दह्यावर साखरेचा डोंगर.

"काकू, मला साखर देताय?"

"ही खायची साखर नव्हे गो. शकुनाची. शकुनाची साखर बाधत नाही."

याच बाईंनी गणपतीत माझ्या ताटातला दुसरा मोदक उचलून स्वतःच्या नातवाला दिला होता. सत्यनारायणाचा प्रसाद मला चिमूटभर आणि तोही रागावून मिळायचा. नाही म्हणायला तोंड उघडलं, आणि आठवलं की माझी बाटली यांच्या दुधामागे आहे. उघडलेल्या तोंडात चमचा गेला.

एक चमचा, असं वाटलं होतं. पण आळीत बातमी माणसाच्या पुढे चालते. पुढच्या दारात निवृत्त पोस्टमास्तरांची बायको. तिला मी हात जोडले तर म्हणाली, "समोरचं गोड लागलं, आमचं कडू काय?" तिचाही चमचा झाला. तिच्या जावेनं पलीकडच्या पडवीतून हाक मारून वेगळा दिला, कारण दोघींचं बोलणं नव्हतं आणि एकीचा शकुन दुसरीला चालला नसता. वाण्याच्या आईनं दिला. शेवटी कोपऱ्यावरचा शिंपी. त्याच्याकडे दही नव्हतं, म्हणून त्यानं नुसती साखर माझ्या तळहातावर ओतली आणि मी ती खाईपर्यंत समोर उभा राहिला. सहा वर्षं जी आळी माझ्या तोंडापुढे पहारा देत होती, तिनं शंभर पावलांत मला सहा वर्षांचं गोड भरवलं. मी त्या सगळ्यांना हसून नमस्कार केले. मनात काय म्हणत होते ते छापण्यासारखं नाही.

सरकारी दवाखान्यात दोन तास बसले. मग प्रयोगशाळेतल्या माणसानं नळी तापवायला घेतली आणि मी समोर उभी राहिले, कारण सवय. निळं. मग कडेनं हिरवं. मग पिवळं. नववीत या ठिकाणी मी मुलींना नेहमी विचारायचे, आता पुढे काय होईल? पुढे नारिंगी झालं आणि तिथे न थांबता आमच्या घराच्या जोत्यासारखं लालबुंद झालं. "वा," तो माणूस म्हणाला, "असा रंग पुष्कळ दिवसांत बघितला नव्हता."

डॉक्टरांनी कागद पाहिला, मला पाहिलं, आणि किती वर्षं आहे एवढंच विचारलं. आता विचारलंच होतं. मी सगळं सांगितलं: सहा वर्षं, इन्सुलिन, आठ दिवसांची तालीम, जास्तीची दोन युनिटं, रिकामं पोट, चार दारं आणि शिंपी. ते हसतील असं वाटलं होतं. ते इतके रागावले की शिपाई दारातून डोकावला.

"सकाळी साडेसातला इन्सुलिन घेतलंत, तेही जास्त, आणि साडेअकरापर्यंत उपाशी बसणार होतात? बाई, त्या बायकांनी साखर घातली नसती तर आत्ता तुम्ही माझ्या टेबलासमोर नसता. टेबलाखाली असता."

मी म्हटलं, आठ दिवस तालीम केली होती. ते म्हणाले, घरी तपासणी झाली की लगेच खात होतात की नाही? खात होते. तालमीत परीक्षानळी साडेआठला तापायची आणि भाकरी पावणेनऊला मिळायची. सरकारी रांगेचा वेळ मी हिशेबात धरलाच नव्हता. रसायनाची शिक्षिका! त्यांनी स्वतःचा डबा उघडला, त्यातली पोळी-भाजी मला समोर बसून खायला लावली, आणि मी खात असताना फॉर्म भरला. मधुमेह, रोज इन्सुलिन, असं स्वच्छ लिहिलं. मग शेवटची ओळ आली. तिथे त्यांनी लिहिलं: शिकवण्याच्या कामास योग्य. त्यांनी विचारलं, सहा वर्षांत किती दिवस आजारपणाची रजा घेतलीत? मी म्हटलं, रजेच्या जागेवर असणाऱ्याला रजा नसते. मी फॉर्मची एक प्रत मागून घेतली आणि त्यांनी तीवरही शिक्का मारून दिला.

घरी आल्यावर आईला सांगितलं. भिंतीला कान असतात म्हणतात. आमच्या भिंतींना तोंडही होतं. संध्याकाळी बाटलीसाठी काकूंकडे गेले तर त्या फ्रिजला टेकून उभ्याच होत्या. "काय म्हटलं होतं मी? बाधली का?" माझ्या दाखल्याचं वाटोळं करून वर माझा जीव वाचवल्याचं श्रेय त्यांनी घेतलं, आणि डॉक्टर त्यांच्या बाजूनं असल्यामुळे मला भांडताही येईना. ते श्रेय त्या अजून घेतात.

फॉर्म पाठवला. आता नकार येणार हे धरूनच चालले होते. पण सरकारी छापील नकार आला नाही. दीड महिन्यानं एक हातानं लिहिलेलं पत्र आलं, तिकडच्या एका शाळेच्या मुख्याध्यापकांचं. त्यांनी लिहिलं होतं, आमच्या गावात इन्सुलिन मिळत नाही. जिथे मिळतं ते शहर दोन दिवसांच्या वाटेवर आहे आणि पावसाळ्यात ती वाट बंद असते. मला रसायनाच्या शिक्षिकेची फार गरज आहे, पण तिला इथे पुरण्याची माझी इच्छा नाही. तुम्ही फॉर्ममध्ये खरं लिहिलंत म्हणून आभार.

मी चिडायची पूर्ण तयारी केली होती, आणि चिडायला जागा सापडेना. सहा वर्षांत मला कोणी इतकं सरळ नाही म्हटलं नव्हतं. इकडे सगळे साखरेत घोळवून म्हणायचे. त्या माणसानं माझ्या जिवाची काळजी केली ती मला काय लागतं हे बघून, आणि त्याच्याकडे काय नाही हे सांगून. शिवाय आभार मानले होते, ते डॉक्टरांना पोचते करावेत की काय, असाही प्रश्न होताच. दोन दिवस मी ते पत्र घेऊन घरात फिरले. तिसऱ्या दिवशी दाखल्याची प्रत घेतली आणि अध्यक्षांकडे गेले. त्या वर्षी विज्ञानाची चौथी जागा निघाली होती.

अध्यक्षांनी मायेनं खुर्ची दिली. दाखला नाकाच्या जवळ धरून वाचला.

"हा तर आफ्रिकेसाठी आहे."

"हो."

"मग बाई, तिकडच्यांनी तुम्हाला का घेतलं नाही?" ते मागे रेलून बसले. "त्यांनाही तुमच्या जिवाची काळजी वाटली असणार."

"वाटली," मी म्हटलं. "त्यांच्या गावात इन्सुलिन मिळत नाही. आपल्याकडे मिळतं. तेवढी एक अडचण सोडली तर सरकारी डॉक्टरांच्या मते मी शिकवायला योग्य आहे. आपली दुसरी कुठली अडचण असेल तर तेवढी लेखी द्या."

पंखा फिरत होता. अध्यक्ष दाखला उलटा करून मागे काही आहे का ते बघत होते. मागे काही नव्हतं. लेखी द्या म्हटल्यावर मायाळू माणसांची फार पंचाईत होते. शेवटी त्यांनी चष्मा काढला आणि आतल्या कारकुनाला हाक मारून म्हणाले, बाईंची कायम जागेची ऑर्डर घाला, जूनपासून.

कारकून टाइपरायटरवर बसला. सहा वर्षं माझी ऑर्डर त्यानंच टाइप केली होती, त्याची बोटं आपोआप चालली. मी मागे उभी राहून वाचत होते. 'सहायक शिक्षिका' आलं आणि त्याला लागूनच, न थांबता, 'रजेच्या जागेवर' आलं. तो जीभ चावून थांबला आणि त्या दोन शब्दांवर एकामागून एक फुल्या मारू लागला.

"खाडाखोड नको," मी म्हटलं. "नवा कागद घ्या."