‘म्हातारपण’ हे कारण न मानणाऱ्या डॉक्टर

डॉ. सुनंदाताईंची आणि माझी ओळख भिगवणच्या दवाखान्यात झाली. नव्वदच्या दशकाची सुरुवात होती. मी परिचारिका म्हणून नुकतीच रुजू झाले होते. ताईंनी विचारले, “तुमच्या माहितीत माणसं ओळखेनासं झालेलं कोणी वयस्कर आहे का?” मी शेळगावच्या तात्यांचे नाव सांगितले. ते माझ्या थोरल्या बहिणीचे, सुमनताईचे सासरे.

त्या प्रश्नामागे ताईंची एक बेचैनी होती. पुण्यात अल्झायमरने माणसे दगावतात, मग बारामती-इंदापुरात मृत्यूच्या नोंदींत त्याचे नावही का नसावे? बारामतीला डॉक्टरांच्या बैठकीत कोणी म्हणाले, आपली हवा चांगली, माणसे कष्टाळू. ताई शांतपणे म्हणाल्या, “असेलही. पण आपण सरसकट ‘म्हातारपण’ लिहितो. आधी आजाराचं नाव लिहू, मग फरक मोजू.”

सुट्टीच्या दिवशी त्या शेळगावला जात. तात्यांशी बोलत बसत, त्यांना घास गिळवेना तेव्हा पातळ पेज कशी भरवायची ते सुमनताईला दाखवीत. पुढे तात्या गेले, तेव्हा अंगावर मांस उरले नव्हते. गावात कुजबुज सुरू झाली. दहाव्याला वरकुट्याहून आलेल्या नणंदेने, अक्कांनी, सुमनताईच्या हातचे पाणीही घेतले नाही.

“माझ्या बापाला हिनं उपाशी मारलं,” त्या चारचौघांत म्हणाल्या.

ताई तिथेच होत्या. त्या अक्कांशेजारी जाऊन बसल्या. “अक्का, तात्या आजारानं गेले. आधी माणसं विसरली, मग बोलणं, शेवटी गिळणंही. पुण्यातही यानं माणसं अशीच जातात.”

“मग वैनीनं काय करायला पायजे व्हतं?”

“तिनं केलं तेच. चमचा चमचा भरवत ती तासन्‌तास बसायची. मी पाहिलंय.”

अक्का सुमनताईकडे वळल्या. मग म्हणाल्या, “वैनी, च्या टाक. तूबी घे घोटभर.” सुमनताई चुलीपुढे बसून मनसोक्त रडली. त्या दुपारी तिला कितीतरी दिवसांनी गाढ झोप लागली.

तात्यांच्या मृत्यूचे कारण ताईंनी स्पष्ट लिहिले. हळूहळू इतर डॉक्टरही लिहू लागले. नोंदींत या आजाराचे आकडे वाढले, तेव्हा एकाने धास्तीने विचारले, “हा आजार आपल्याकडं शिरला की काय?” ताई हसल्या. “शिरला नाही, होताच. आता निदान त्याच्यापायी कुणाच्या सुनेला बोल लागणार नाही.”

ताई आज पंचाहत्तरीत पाऊल टाकत आहेत. त्यांना ठणठणीत प्रकृती आणि उदंड आयुष्य लाभावे, ही माझी मनापासूनची इच्छा. शेळगावाहून सुमनताईनेही निरोप धाडला आहे: “बाईंना म्हणावं, तुमी लई वर्षं ऱ्हावा. तुमच्यामुळं मला त्या घरात मान वर करून वावरता आलं.”