किल्ल्यातल्या देवळाबाहेर काढलेले बूट

मी काळजी करणारी बाई आहे, हे आधीच सांगून टाकते. घरातून निघताना गॅस दोनदा बघते, कुलूप तीनदा ओढते आणि ठाण्यात माजिवड्याच्या पुलापर्यंत पोचल्यावर इस्त्री बंद केली होती का यावर विचार करत बसते. घरात माझी टिंगल होते, आणि ती व्हावी असाच माझा स्वभाव आहे. पण बाबांना घेऊन पोर्तुगालला किल्ले बघायला गेले तेव्हाची माझी काळजी उगाच नव्हती. बाबांच्या पायांना काही कळत नव्हतं.

वीस वर्षांच्या मधुमेहाने ते केलं होतं. डोंबिवलीत त्यांच्या डॉक्टरांनी एक नायलॉनचा बारीक धागा घेऊन त्यांच्या तळव्यांना जागोजागी टोचला आणि दरवेळी विचारलं, "लागतंय?" बाबा डोळे मिटून बसले होते. "अजून सुरुवात केली नाहीत का?" असं त्यांनी विचारलं, तेव्हा डॉक्टरांचं धागा लावून झालं होतं. त्या दिवसापासून नियम ठरला. अनवाणी चालायचं नाही. घरातही नाही, बाथरूममध्येही नाही. खडा टोचला, चटका बसला तरी त्यांना कळणार नव्हतं, आणि अशी जखम चिघळली तर पाय जाऊ शकतो, हे डॉक्टरांनी मला बाहेर बोलावून सांगितलं.

आणि अशा माणसाला किल्ले बघायचे होते. बाबा मूळचे कल्याणचे, दुर्गाडी किल्ल्याच्या पायथ्याशी वाढलेले. नोकरीची सगळी वर्षं वागळे इस्टेटमधल्या एका कारखान्यात यंत्रांची ड्रॉइंग्ज काढण्यात गेली आणि रविवार गडांवर गेले. वसईच्या किल्ल्यात तर ते इतक्यांदा गेले की आई म्हणायची, तिथेच एक खोली घ्या. तिथल्या कमानींखाली उभे राहून ते एकच प्रश्न विचारायचे. ज्या लोकांनी इतक्या लांब परक्या किनाऱ्यावर येऊन हे बांधलं, त्यांनी स्वतःच्या घरी काय बांधलं असेल? आई गेल्यावर वर्षभर ते फारसे बोलले नाहीत. मग एकदा जेवताना म्हणाले, "पोर्तुगालला जाऊन यावं म्हणतोय." मी नाही म्हणू शकले नाही. त्याऐवजी अटी घातल्या.

अटी बऱ्याच होत्या. बुटांचे दोन जोड, आतून मऊ. मोजे पांढरेच, कारण पांढऱ्यावर डाग लगेच दिसतो. दिवसाला एकच किल्ला. आणि रोज संध्याकाळी हॉटेलात आल्यावर मी त्यांचे पाय तपासणार. पलंगावर पाय सोडून ते बसायचे, मी मोबाइलचा टॉर्च लावून पावडरच्या डबीतला आरसा तळव्याखाली धरायची. "झडती सुरू झाली," असं म्हणून ते वर छताकडे बघत राहायचे. बोटांमधल्या फटीसुद्धा मी सोडत नव्हते.

किल्ले मात्र फार सुंदर होते. एक नदीच्या मधोमध बेटावर होता, तिथे होडीतून जावं लागलं. बाबांनी पावलं टाकून त्याच्या अंगणाची लांबी मोजली. एका गावाला तटबंदी अशी होती की आतली पांढरी घरं, त्यांच्यावरचे निळे-पिवळे पट्टे, सगळं गावच किल्ल्यात राहत होतं. बाबा दगडांचे सांधे बघत, हात फिरवत चालायचे. "आपल्या वसईलाही चुना असाच भरलाय," ते म्हणायचे, आणि मी म्हणायची, "खाली बघून चाला." तटावर कठडा नव्हता, पायऱ्या झिजलेल्या होत्या. मला त्या किल्ल्यांचा इतिहास विचारलात तर सांगता येणार नाही. कुठे किती पायऱ्या होत्या ते सांगेन.

पाचव्या दिवशीचा किल्ला एका टेकडीवर होता. दुपारचे तीन वाजले होते आणि ऊन आपल्या मे महिन्यासारखं होतं. आत एका कोपऱ्यात लहानसं चर्च होतं, एका खोलीएवढं. दाराशी सावली होती. आत वेदीपुढे मेणबत्त्या लावलेल्या होत्या आणि एक म्हातारी बाई गुडघ्यांवर बसून पुटपुटत होती. गारवा, मंद उजेड, मेणाचा वास. कुठल्याही जुन्या देवळात वाटतं तसंच मला वाटलं. मी उंबऱ्याबाहेर सँडल काढले आणि मागे वळून म्हटलं, "बाबा, चपला इथेच काढा."

त्यांच्या पायात बूट होते. त्यांनी क्षणभर माझ्याकडे बघितलं. मग भिंतीला टेकून लेस सोडल्या, मोजे काढून बुटात कोंबले, बूट माझ्या सँडलशेजारी नीट लावले आणि हात जोडून आत आले. त्या बाईच्या आणि आत उभ्या असलेल्या रखवालदाराच्या पायात बूट होते. ते माझ्या लक्षातही आलं. मला वाटलं, यांच्यात पद्धत नाही, आपण पाळलेली बरी.

आम्ही बराच वेळ आत उभे होतो. निघताना रखवालदाराने आल्या दाराने जाऊ दिलं नाही, हाताने पलीकडचं दार दाखवलं. बाहेर काळ्या फरशांचं मोठं अंगण होतं आणि त्याला वळसा घालून आमच्या पादत्राणांकडे जायचं होतं. पहिलं पाऊल टाकलं आणि मी उडालेच. फरशी तव्यासारखी तापली होती. मी टाचांवर, बोटांवर नाचत, उड्या मारत सावली गाठली. मागे वळून बघितलं तर बाबा अंगणाच्या मध्यावर थांबून दरीकडे बघत होते. हात पाठीमागे, चेहऱ्यावर समाधान. मी हसत ओरडले, "बाबा, तुमचे पाय कसले दणकट आहेत हो."

"मला काही लागत नाही," ते म्हणाले.

त्यानंतर मी कशी धावले, त्यांना कसं ओढत आणलं, ते मला धड आठवत नाही. तळवे लाल झाले होते, एवढंच. संध्याकाळी टॉर्चची गरजच पडली नाही. दोन्ही तळव्यांवर फोड आले होते, डाव्या पायाचा मोजा ओला झाला होता. तिथल्या हॉस्पिटलमध्ये जखमा धुतल्या, पट्ट्या बांधल्या. तिसऱ्या दिवशी आम्ही परत निघालो. विमानतळावर व्हीलचेअर ढकलताना मी मनातल्या मनात एकच वाक्य म्हणत होते, की मी स्वतः त्यांना बूट काढायला लावले.

डोंबिवलीच्या डॉक्टरांनी पट्टी सोडली आणि ते बाबांवर चिडले. "अनवाणी चालायचं नाही, हे शंभर वेळा सांगितलं होतं. मुलगी जिवाचं रान करते. तिचं तरी ऐकायचं ना?"

"चुकलंच माझं," बाबा म्हणाले. "देवाच्या दारात बूट घालून जावंसं वाटेना. हिला न विचारता काढले."

मला लाज वाटली आणि सुटल्यासारखंही वाटलं, दोन्ही एकदमच. उजवा पाय भरत आला. डाव्या पायाची करंगळी काळी पडत गेली आणि शेवटी ती काढावी लागली. दोन महिने मी ठाण्याहून रोज डोंबिवलीला त्यांच्या ड्रेसिंगसाठी जात होते. शेवटच्या दिवशी डॉक्टर म्हणाले, पाय वाचला तो मुलीमुळे. बाहेर बाकावर बसलेल्या एका पेशंटच्या मुलीलाही त्यांनी माझं उदाहरण दिलं. बाबा मान डोलावत होते.

रिक्षात बसल्यावर मात्र माझ्याने राहवेना. "तुम्ही डॉक्टरांशी खोटं का बोललात?"

"खोटं कुठे? काढले मीच."

"मी सांगितलं म्हणून काढलेत. मी विसरले होते. पण तुमच्याही लक्षात आलं नाही?"

"लक्षात आलं होतं," ते म्हणाले. "लेस सोडतानाच आलं होतं."

"मग बोलला का नाहीत?"

"अगं, आई गेल्यापासून तू माझ्याशी बोलतेस ती पायांबद्दल, नाहीतर गोळ्यांबद्दल. पोर्तुगालला गेलो तरी तेच. तिथे पहिल्यांदा तुला विसर पडला. म्हटलं, विसरू दे हिला पाच मिनिटं. फरशी एवढी तापली असेल ते मला कुठे कळणार होतं?"

मला रडू यायला हवं होतं. आला तो राग. "पाच मिनिटांसाठी बोट गेलं, बाबा."

"हो. ते अंगाशी आलं खरं."

बिल्डिंगशी रिक्षा थांबली. मी आधी उतरले आणि हात पुढे केला. त्यांच्या पायांकडे बघायचं नाही, तोंडाकडे बघायचं, असं मी ठरवलं. त्यांनी माझा हात धरला, माझ्याकडे बघून हसले, आणि एक पाय खाली टाकला. तेवढ्यात माझी नजर खाली गेलीच.