डेटा केबल काढलेली असताना ऐकलेला धवला

भुताखेतांच्या गोष्टी निघाल्या की मी आजवर फक्त हसत आलोय. कर्जतला माझं कॉम्प्युटर दुरुस्तीचं दुकान आहे. मशीन बंद पडलं तर त्याला कारण असतं, एवढंच मला कळतं... तरीही हे लिहितोय. तुम्ही हसलात तरी चालेल.

माझी आत्या खालापूर तालुक्यात, कुंभिवलीजवळच्या एका गावात राहते. ती धवलारीण – म्हणजे आमच्या आगरी लग्नांत हळदीपासून नवरी निघेपर्यंत धवले गाणारी बाई. सगळी गाणी तोंडपाठ. मी माइक घेऊन तिच्यामागे मांडवामांडवांत हिंडलो, जमेल तेवढी रेकॉर्ड केली. मग तिला अर्धांगाचा झटका आला. हातपाय बरेचसे सावरले, वाचा मात्र गेली ती गेलीच. माझा लॅपटॉप पावसात भिजून गेल्यावर ती गाणी उरली फक्त तिच्या घरच्या कॉम्प्युटरमध्ये, त्यातल्या एसएसडी डिस्कवर.

यंदा तुळशीचं लग्न झाल्यावर आत्याच्या नातीचं, मानसीचं लग्न ठरलं. आत्या गाऊ शकत नाही, तर निदान तिचा आवाज तरी मांडवात वाजावा, असं सगळ्यांच्या मनात होतं. हळद तोंडावर आली आणि वहिनीचा – आत्याच्या सुनेचा – फोन आला.

"लाइट गेली होती रं सकाळी. आली तवापासून कॉम्प्युटर चालूच होत नाय. आईंची गाणी..."

दुपारी पोचलो. भातकापणी संपलेली, अंगणभर भात वाळत घातलेलं. उन्हात कोंड्याची धूळ अशी तरंगत होती की समोरचा डोंगर पाण्यात बुडाल्यासारखा दिसत होता. आत्या दाराशी खुर्चीत बसलेली. मला बघून हसली.

मशीन सुरू होत होतं, पण एसएसडी दिसतच नव्हती. केबल बदलली, पोर्ट बदलला, माझ्याकडच्या यूएसबी केसिंगमध्ये घालून लॅपटॉपला जोडून पाहिली. काही नाही. अचानक लाइट गेली की कधी कधी एसएसडी अशी गपगार होते. तेव्हा एक उपाय करतात – डेटा केबल काढायची, नुसती पॉवर द्यायची आणि अर्धा तास एसएसडी तशीच राहू द्यायची. मी तेच केलं. डेटा केबल टेबलावर काढून ठेवली. विंडोजही त्याच एसएसडीवर, त्यामुळे स्क्रीनवर फक्त सेटिंगचं निळं पान.

आत्याने खुणेनं खुर्ची टेबलाजवळ ओढायला लावली. एसएसडीवर अलगद हात ठेवला आणि डोळे मिटले. मी तिच्याकडे बघत बसलो. बाहेर भात राखायला बसलेली शेजारीणही पेंगत होती. वारा पडलेला. सगळं फार लांब गेल्यासारखं वाटत होतं...

आणि धवला ऐकू आला.

हळू, पण स्वच्छ. आत्याचाच आवाज, आजारपणाच्या आधीचा.

*हळूच चाल गं मानसीबाय, अंगणात भात वाळत हाय...*

मी आत्याच्या तोंडाकडे पाहिलं. ओठ मिटलेले. स्पीकरचा प्लग काढलेला होता. आवाज कुठून येतोय ते कळेना; खोलीभर होता, जसं ऊन असतं तसा. भीती नाही वाटली, खरं सांगतो. उलट संपू नये असं वाटत होतं.

तेवढ्यात स्वयंपाकघरातून वहिनी ओली बोटं पुसत धावत आली.

"चालू झाला काय रं? मानसीचं नाव घेतलं आईंनी!"

मी टेबलावरची केबल उचलून तिला दाखवली. तिनं ती हातात घेऊन उलटसुलट करून पाहिली. आवाज हळूहळू विरत गेला. आत्याने डोळे उघडले, खुणेनं पाणी मागितलं.

अर्ध्या तासानं पॉवर बंद करून पुन्हा दिली, केबल जोडली. एसएसडी दिसली! सगळ्या फाइल्स शाबूत. आधी दोन कॉप्या केल्या, मग एकेक गाणं ऐकलं. हळूच चाल गं... कशातच नव्हतं. असणार कसं? रेकॉर्डिंग झालं तेव्हा मानसीचं लग्न ठरलंही नव्हतं.

हळदीला मांडवात स्पीकर लावला. आत्याचा आवाज घुमला, बायका रडल्या. पण धवल्यात नाव येत होतं दुसऱ्याच कुणा नवरीचं. मानसी पाटावर खाली मान घालून बसलेली. वहिनीनं एकदम मला खूण केली – बंद कर. मी बंद केलं. आणि जिनं जन्मात कधी धवला म्हटला नव्हता ती माझी वहिनी गायला लागली. तोच, त्या दुपारचा. पहिल्या शब्दापासून शेवटपर्यंत. मानसीनं मान वर केली. आत्या चांगल्या हातानं मांडीवर ठेका धरून होती.

नंतर विचारलं तर वहिनी म्हणाली, "शिकले नाय रं मी. त्या दुपारी कानावर पडला तेवढाच."

एसएसडी परत का चालली, ते मी सांगू शकतो. त्या दुपारचं कारण शोधायचं मात्र मी सोडलंय. आता गावातल्या हळदींना वहिनीला बोलावणं येतं. तिला तो एकच धवला येतो. नवरीचं नाव बदलते, आणि गाते.