शिकागोहून दहाव्याला

आईच्या दहाव्याला राहुरीला मुळेच्या काठावर सगळे नातेवाईक जमले होते आणि धाकटा भाऊ माझ्या हातातल्या मोबाईलमध्ये होता. तो शिकागोत एका हॉटेलात भांडी घासतो. इकडे सकाळ, तिकडे हॉटेल आवरायची वेळ. मागे नळ वाहत होता. त्याने अंगावरच्या कपड्याला हात पुसले आणि आईला नमस्कार केला.

तो काही हौसेने गेलेला नाही. त्याने दुसऱ्या जातीतल्या मुलीशी लग्न केलं, तिचे भाऊ कोयते घेऊन सावेडीतल्या माझ्या घरापर्यंत आले, तेव्हा दोघं पळाले. तिथे आसरा मागितलाय, कोर्टात केस पडून आहे. निकालाआधी देशाबाहेर पाय टाकला तर परत आत घेणार नाहीत, आणि बायको-पोरगी तिकडेच अडकणार. हे जमलेल्या प्रत्येकाला ठाऊक होतं. तरी आई गेल्यापासून जो तो मला एकच विचारत होता, लेक आला नाही का?

आई माझ्याकडेच असायची. फोनवर तिचे रोज दोन प्रश्न, जेवलास का आणि कधी येतोस. पहिल्याचं उत्तर आल्याशिवाय ती स्वतः जेवायला बसायची नाही. दुसऱ्याला तो म्हणायचा, "बघू, दिवाळीला." दिवाळ्या येऊन गेल्या. मला त्या 'बघू'चा भयंकर राग यायचा, पण तिच्यासमोर मी तोंड उघडत नसे.

पिंड ठेवला आणि कावळा काही शिवेना. सगळे कावळे बाभळीवर बसून होते, एकही खाली उतरेना. गेलेल्या माणसाची इच्छा राहिली की असं होतं म्हणतात, मग कुणीतरी शब्द द्यावा लागतो. मी म्हटलं, तुझी तुळस सुकू देणार नाही. काकू म्हणाल्या, नातवंडांची लग्नं नीट करू. कावळे जागचे हलले नाहीत. ऊन चढलं, लोक चुळबुळ करायला लागले.

शेवटी मामा पुढे आले. आईचे सख्खे भाऊ. "हिचा जीव कशात अडकलाय ते समद्यांना ठावं हाय," म्हणत त्यांनी माझ्या हातातला फोन घेतला आणि पिंडासमोर धरला.

"म्हन, आई, मी वर्षश्राद्धाला येतो."

"मामा, मला नाही येता येणार. तुम्हाला माहितीये."

"नको येऊ. नुसतं म्हन. तिला काय कळतंय आता."

भावाने मागे वळून नळ बंद केला.

"जित्ती असताना फसवत हुतास, तवा जीभ अडली न्हाई. आता एकदा आमच्यासाठी फसव. मानसं उपाशी हायेत."

मामांना कुणी गप्प बसा म्हटलं नाही. मागे दोघंतिघं हसले.

"आई," भाऊ म्हणाला, "मी येणार नाही. दिवाळीला नाही, नंतरही नाही. माझी वाट बघू नको. तू जेव."

एक कावळा उतरला तो थेट भातावर. मागोमाग बाकीचे. माणसं सुटल्यासारखी उठली, पत्रावळ्या मांडायची घाई सुरू झाली. मामांनी फोन माझ्या हातात कोंबला आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, "बघा, तिलाबी ह्यो नगंच हुता."

फोन चालूच होता. मामांच्या मुस्काटात द्यावी असं मला वाटलं.

"ताई," भावाचा आवाज आला, "फोन तिकडे धर ना. मला बघू दे."

मी धरला. पिंड संपेपर्यंत तो बघत राहिला.

"जेवली ना?"

"जेवली."

मागून त्याला कुणीतरी जोरात हाक मारली आणि तो भांड्यांकडे वळला. मी फोन पिशवीत टाकला. पंगत बसली होती. पहिल्या पानावर मामा होते. त्यांना वाढायला मी गेले.