“जुनंच दुखणं आहे” असं मी म्हणाले

“रोटेटर कफ टिअर,” एमआरआयचा रिपोर्ट बघून डॉक्टर म्हणाले. म्हणजे खांद्याचं हाड जागेवर धरून ठेवणारा स्नायू फाटला होता. “हा खांदा आधी कधी निखळला होता का?”

होता. बारा वर्षांपूर्वी, गासला माहेरी, वाडीत केळीचा घड उतरवताना. तेव्हा पट्टा बांधून बरा झाला. त्यानंतर सातिवलीच्या गोदामात इतकी वर्षं खोकी उचलली, एक दिवस कुरकुर नाही. मग एका मंगळवारी माझ्यासोबत काम करणारी सुनीता आणि मी नळाच्या फिटिंगचं खोकं रॅकवर चढवत होतो, तर खांद्यात कट्‌कन वाजलं. डोळ्यांपुढे काजवे चमकले.

आता माझा मूर्खपणा ऐका. सुपरवायझरने रिक्षात घालून जवळच्या दवाखान्यात नेलं. तो बाजूलाच उभा. तिथल्या डॉक्टरांनी विचारलं, “कसं झालं?” मी म्हणाले, “काही नाही हो, जुनंच दुखणं आहे.” कोणाला त्रास नको म्हणून! आपल्या बायकांना ही खोडच असते. अंगात ताप असला तरी “बरी आहे” म्हणायचं. डॉक्टरांनी तेच केसपेपरवर लिहिलं.

कंपनी तोच कागद धरून बसली. “काकी, हे तुमचं घरचं दुखणं. कामावरचा अपघात नाही.” ऑपरेशन तर सांगितलेलं, आणि कामावर परत घेतील की नाही त्याचाही पत्ता नाही. दोन महिने दवाखान्यांच्या बाकांवर काढले. नंबर, एक्स-रे, परत नंबर. जीव नुसता विटला होता.

शेवटी नवऱ्याने कामगारांच्या केसेस चालवणाऱ्या एका वकीलबाईंकडे नेलं. त्या म्हणाल्या, “जुनी दुखापत होती म्हणून हक्क जात नाही. कामामुळे ती वाढली, हे दाखवता आलं पाहिजे. तुमच्या पगारातून ईएसआयचा, म्हणजे कामगार विम्याचा, हप्ता कापत असते तर तिथे गेलो असतो. कापत नाहीत, म्हणून भरपाईचा अर्ज सरकारी अधिकाऱ्यापुढे करू. आधी कंपनीला लेखी कळवा. आणि खोक्याचं दुसरं टोक कोणी धरलं होतं?”

सुनीताने. तिची नोकरी अजून तिथेच. तिला साक्षीचं विचारायला माझी जीभ रेटेना. माझ्या नवऱ्याकडून कळलं तिला, आणि रविवारी आगाशीहून बस धरून स्वतःच आली.

“काकी, खांदा वाजलेला मी ऐकलाय. कुठे सही करू?”

मला रडूच फुटलं. तिचे उपकार या जन्मी फिटायचे नाहीत.

ऑपरेशन झालं. दावा अजून चालूच आहे. हात वर जात नाही, वेणी नवरा घालतो, तीही वाकडी. तुमच्यावर अशी वेळ आली तर पहिल्याच डॉक्टरांना सगळं सांगा. नंतर मी ते बदलून घ्यायला त्या पहिल्या दवाखान्यात गेले, तेव्हा डॉक्टर म्हणाले, “पहिलं लिहिलेलं खोडता येणार नाही. आज सांगताय ते आजच्या तारखेने लिहितो.”

परवा फिजिओथेरपीला नवीन मुलगी होती. फॉर्म भरताना तिने विचारलं, “कसं झालं, काकी?”

सवयीने तेच ओठांवर आलं होतं. गिळलं.

“कामावर झालं. सातिवलीला, गोदामात, खोकं चढवताना. आधी एकदा निखळला होता, तेही लिही. पण झालं कामावर. लिही बाई, सगळं लिही. मी थांबते.”